आजी आली की दिवा लाल

आर्रोयो ह्या बेटावरच्या गावात, समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत, शनिवार उजाडला हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. सकाळी सहाला प्रोविदेन्सिया माल्दोनादो रेडिओ लावायची, खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवायची आणि बादलीत लव्हेंडरचं जांभळं फिनेल ओतायची. एक झाकण पुरे, असं बाटलीवर लिहिलेलं असे. ती तीन ओतायची. आधी एक हात ब्लीचच्या पाण्याचा, मग फिनेलचा, आणि सगळं वाळल्यावर पुन्हा एकदा फिनेलचा, नुसत्या वासासाठी. बाल्कनीपासून न्हाणीपर्यंत लादी चमकायला लागली की ती दारात उभी राहून एक मोठा श्वास आत ओढायची. तिचा आठवडा त्या श्वासात पुरा व्हायचा.

हा वास तिनं कमावलेला होता. तिचा जन्म उसाच्या मळ्यावरच्या खोपटातला. घरातली जमीन मातीची, पण आई तीसुद्धा रोज पाणी शिंपडून झाडायची, आणि लेकींच्या गळ्याला, छातीला पांढरी पावडर फासल्याशिवाय त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. आपण कुठून आलो ते आपल्या अंगाच्या वासावरून कुणाला कळता कामा नये, एवढं एकच आईनं शिकवलं आणि ती गेली. प्रोवीनं ते आयुष्यभर पाळलं. साठी उलटली तरी तिच्या गळ्याखाली पावडरीचा पांढरा पट्टा असायचाच, उन्हाळ्यात जरा जाडच.

गावच्या प्राथमिक शाळेत ती सफाईला लागली आणि एकतीस वर्षं तिथंच राहिली. पहिलीतली पोरं डोळे मिटून सांगायची, "दोन्या प्रोवी आली!" दोन्या म्हणजे बाई. वास आधी वर्गात पोचायचा, ती अजून जिन्याच्या खालीच असायची. मोठ्या वादळानंतर कुटुंबंच्या कुटुंबं विमानात बसून गेली, वर्गात सात-सात मुलं उरली आणि शाळा बंद करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी शिक्षक फोटो काढून निघून गेले तरी प्रोवी वर्ग पुसत होती.

"दोन्या प्रोवी, उद्या कोण येणार आहे इथं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण आलंच तर?"

नवरा एफ्राईन त्याच्या आधीच वारला होता. एकुलती एक मुलगी ग्लोरिमार वादळानंतरच्या वर्षी ओरलँडोला गेली, एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धुवायला लागली आणि आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहू लागली. तिची लेक लियानिस आजीजवळ राहिली. तेव्हा दोन वर्षांची होती, आता सात. बडबडी, गुडघे फुटलेली, आणि छाती कागदासारखी. धूळ, बुरशी, मांजर, सगळ्याची अ‍ॅलर्जी. खोकला सुरू झाला की तो बाहेर यायचं सोडून आत आत जायचा, बरगड्यांच्या मधली कातडी खोल ओढली जायची, आणि प्रोवी तिला काखोटीला मारून गावच्या दवाखान्यात पळायची.

एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा पळाली तेव्हा ग्लोरिमार फोनवर म्हणाली, "मम्मी, अजून एकदा तिला ऑक्सिजन लागला तर मी येऊन घेऊन जाणार."

"तुझ्या त्या खोलीत? तू दोन-दोन पाळ्या करतेस. पोर दिवसभर कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

"मला काय हौस आहे का, मम्मी? पण तिथं हवा खराब आहे."

"इथली हवा खराब? समुद्र दोन पावलांवर आहे गं."

"मी एक मशीन पाठवतेय," ग्लोरिमार म्हणाली.

मशीन मे महिन्यात आलं. गुडघ्याएवढं, पांढरं, अंगभर बारीक भोकं. प्रोवीनं आधी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि मग लियानिसच्या पलंगाजवळ ठेवून बटण दाबलं. वरच्या बाजूला एक गोल दिवा लागला. ग्लोरिमारनं फोनवरून समजावलं, "निळा म्हणजे हवा स्वच्छ. नारिंगी म्हणजे बरी. लाल म्हणजे हवा घाण. एवढंच लक्षात ठेव."

प्रोवीनं तेवढंच लक्षात ठेवलं.

पहिल्याच शनिवारी, ती बादली घेऊन पोरीच्या खोलीत शिरली आणि दिवा लाल झाला. प्रोवी जागच्या जागी थांबली. एकतीस वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिनं पलंग सरकवला, खालून पुसलं. दिवा लालच. कपाट सरकवलं. ब्लीच वाढवलं. भिंतीसुद्धा हात पोचेल तिथपर्यंत पुसल्या. मशीन घोंघावत राहिलं आणि दिवा विझत्या निखाऱ्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. दुपारी सगळं वाळल्यावर कुठं तो हळूहळू निळा झाला, तेव्हा प्रोवी कंबर धरून खुर्चीत बसली आणि स्वतःशी म्हणाली, जिंकले.

त्यानंतर शनिवारची वाट बघायची सोय उरली नाही. दिवा लाल झाला की ती पुसायची. सोफ्रितोची, म्हणजे कांदा-लसूण-मिरचीच्या वाटणाची, फोडणी कढईत पडली, लाल. पुसलं. सांध्यांना आल्कोलादो चोळलं, लाल. पुसलं. तमालपत्रासारखी पानं मुरवलेलं ते स्पिरिट त्या बेटावर डोकेदुखीपासून दुःखापर्यंत सगळ्यावर चालतं. खोलीत जरी नुसती बाटली उघडली तरी दिवा भडकायचा. प्रोवी बादली उचलायची.

शेजारची मिग्दालिया कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून हे बघत असे.

"अगं प्रोवी, लादी झिजून खालच्या घरात पडशील."

"खाली घर नाहीये. आणि घाण आहे म्हणतंय ते."

"त्याला काय कळतंय? आमच्या ह्यांच्याजवळ आणून ठेव एकदा. लालच्या पुढचा रंग शोधावा लागेल कंपनीला."

प्रोवी हसली, पण बादली खाली ठेवली नाही.

मेच्या शेवटी लियानिसला पुन्हा अटॅक आला. ह्या वेळी नेब्युलायझरच्या औषधी वाफेवर भागलं, ऑक्सिजनची वेळ आली नाही. दवाखान्यात श्वासाचे उपचार करणारी एक तरुण मुलगी होती, तिनं पोरीच्या तोंडावर मास्क बसवला आणि सहज विचारलं, "दोन्या, घरात सफाईला काय काय वापरता?"

प्रोवी ताठ बसली. असा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती जणू वर्षानुवर्षं थांबली होती. तिनं ब्लीच सांगितलं, फिनेल सांगितलं, तीन झाकणं सांगितली, न्हाणीत आठवड्यातून दोनदा टाकायची ती वेगळी पावडर सांगितली. उशीवर शिंपडायचं गुलाबपाणी सांगितलं. पोरीच्या छातीला रोज चोळायचं आल्कोलादो सांगितलं, मशीनचा दिवासुद्धा सांगितला. मुलगी लिहून घेत होती. मधेच कधीतरी तिचं पेन थांबलं ते प्रोवीच्या लक्षात आलं नाही.

"आणि मशीन लाल झालं की काय करता?"

"लगेच पुसते. एक मिनिट थांबत नाही."

मुलीनं पेन ठेवलं. "दोन्या, तुम्ही वाईट काही केलेलं नाही. पण तो दिवा धुळीसाठी नाही नुसता. वासासाठीपण आहे. तुम्ही पुसता, म्हणून तो लाल होतो."

प्रोवीनं पोरीकडे पाहिलं. मास्कच्या वर दोन डोळे, पंखा बघत असलेले.

"स्वच्छतेनं?" तिनं विचारलं.

"वासानं."

तिच्या लेखी ते दोन शब्द वेगळे नव्हते. घरी येताना बसमध्ये तिनं मनातल्या मनात मागे मोजायला सुरुवात केली. एप्रिलचा अटॅक. तो रविवारी आला होता. फेब्रुवारीचा. तोही रविवारीच. पुढं मोजायचं तिनं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. लियानिस तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. प्रोवीनं आपला पदराएवढा रुमाल दोघींच्या मधे घातला. उगीच. अंगाचा वास पोरीला लागू नये म्हणून.

त्या संध्याकाळी तिनं बाटल्या काढल्या, मोजल्या नाहीत, सगळ्या मिग्दालियाच्या भिंतीवर नेऊन ठेवल्या. पावडरचा डबा ठेवला. आल्कोलादो ठेवलं.

"अगं, जीव देतेस की काय?" मिग्दालिया म्हणाली. "हे आल्कोलादोसुद्धा?"

"तेसुद्धा."

"मग गुडघे दुखले तर काय करशील?"

"दुखू देईन."

एक वस्तू तिच्यानं देववली नाही. तिचा फुलाफुलांचा जुना गाऊन. एफ्राईन असल्यापासूनचा, वीस वर्षांची पावडर, फिनेल आणि फोडण्या त्याच्या धाग्यात बसलेल्या. तो तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला, दोन गाठी मारल्या आणि कपाटाच्या तळाशी ठेवला.

"आजी, तुझा गाऊन कुठं गेला?" लियानिसनं विचारलं.

"सुट्टीवर गेला."

"कधी येणार?"

"तू बरी झालीस की."

आता ती नुसत्या पाण्यानं पुसायची. भात, उकडलेली कच्ची केळी, उकडलेलं कोंबडं; कढई खिळ्याला टांगलेली. तरी पहिले काही दिवस ती खोलीत शिरली की दिवा नारिंगी, कधी लालसुद्धा व्हायचा. कातडीतच मुरलं असेल, ती म्हणायची आणि बिनवासाच्या साबणानं पुन्हा अंघोळ करायची. लियानिसला त्यात खेळ सापडला. "आजी, ये! आता जा! आता ये! बघ, तू आलीस की तो लाजतो!" प्रोवी दारातून आत-बाहेर करायची. पोर खदखदून हसायची आणि हसता हसता खोकायची, की प्रोवी बाहेरच थांबायची.

रविवारी ही गंमत लियानिसनं आईला फोनवर सांगितली. "मम्मी, आजी आली की दिवा लाल होतो. मी एकटी असले की निळा."

 पलीकडून ग्लोरिमार म्हणाली, "आजीला दे."

"मी सगळं सोडलंय," प्रोवी फोन घेताच म्हणाली. "सगळं. आता घराला कसलाच वास नाही. येऊन बघ."

"मी काही म्हटलंय का, मम्मी?"

"नाही. तरी सांगते."

घराला खरंच कसलाच वास नव्हता. सकाळी उठल्यावर क्षणभर तिला वाटायचं, इथं कुणी राहत नाही. शाळा बंद झाल्यावर एकदा ती फाटकातून आत डोकावली होती, तेव्हा तिथं हेच होतं. पण दिवा निळा होता. एक दिवस, दोन दिवस, आठ. लियानिस बाल्कनीत दोरीवर उड्या मारू लागली, चाळीसपर्यंत पोचली. अकराव्या दिवशी प्रोवीनं ऑगस्टसाठी तिचा शाळेचा गणवेश शिवायला टाकला. एक माप मोठा. वर्षभर पुरेल असा.

बाराव्या दिवशी आफ्रिकेची धूळ आली. दर जूनमध्ये ती समुद्र ओलांडून येतेच. आभाळ ताकासारखं झालं, समोरचे डोंगर पुसले गेले, गाड्यांच्या काचांवर तांबूस भुकटी बसली. सकाळी प्रोवीनं डोळे उघडले तर दिवा लाल. पोरीच्या पलंगाशेजारच्या आपल्या कॉटवर ती उठून बसली. आज तिनं काहीच केलं नव्हतं, अंथरुणातून पाऊलसुद्धा काढलं नव्हतं. क्षणभर तिला हलकं वाटलं. मी नव्हे. ह्या वेळी मी नव्हे. मग आपल्याला हलकं वाटलं ह्याचीच तिला भीती वाटली.

तिकडच्या खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. दांडी फिरवली की मिटतात, पण फट राहतेच. वारा यावा म्हणूनच केलेल्या त्या. प्रोवीनं स्टुलावर चढून आतून प्लास्टिक लावलं, कडेकडेनं चिकटपट्टी मारली, दाराखाली ओला टॉवेल सरकवला. मशीन पूर्ण जोरात लावलं. दुपारपर्यंत दिवा नारिंगीवर आला. लियानिस पलंगावर चित्रं काढत होती. आजीचं चित्र तिनं लाल खडूनं रंगवलं होतं.

दोन वाजून गेले आणि वीज गेली.

मशीनचा आवाज खाली खाली येत बंद झाला. पंखा थांबला. दिवा विझला. आता तो निळाही नव्हता, लालही नव्हता. बंद खोलीत उष्णता दाटायला लागली. खिडक्या उघडाव्यात तर धूळ, न उघडाव्यात तर पोर घामानं भिजलेली, तोंड उघडं टाकून श्वास घेतेय. प्रोवीनं एका खिडकीची चिकटपट्टी सोडवली, बाहेरचा पांढरा उजेड बघितला आणि परत लावली. पट्टी नीट चिकटेना. श्वासाचा पंप दिला. पुन्हा दिला. खोकला आत जायला लागला. घरचा नेब्युलायझरही विजेवर चालणारा, कोपऱ्यात मुकाट बसलेला.

गल्लीत एकामागून एक जनरेटर सुरू झाले. भिंतीवरून मिग्दालियाची हाक आली, "प्रोवी! वायर टाकतेय, धर!"

केशरी वायर भिंतीवरून आली. प्रोवीनं नेब्युलायझर जोडला, मशीन जोडलं, पोरीच्या तोंडाला मास्क लावला. मशीन घोंघावलं, दिवा लागला. लाल. धुरकट, तेलकट वास खोलीत भरत होता. जनरेटर भिंतीला लागूनच होता, बरोबर खिडकीखाली.

"मिग्दा, धूर येतोय गं तुझा!"

"मग बंद करू?"

"नको! नको बंद करू!"

"मग मागे ओढू?"

वायर आधीच ताणलेली होती. मिग्दालियानं जनरेटर हातभर मागे ओढला आणि पिन सॉकेटमधून निसटली. मशीन बंद. तिनं परत पुढे ढकलला, पिन खोचली. दिवा लाल. भिंतीच्या ह्या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, दोघी बायका उभ्या राहिल्या. मधे ती वायर.

"सांग ना, काय करू?" मिग्दालिया रडकुंडीला आली.

प्रोवीनं पोरीची बोटं हातात घेतली. नखांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

मिग्दालियाच्या जावयाच्या गाडीतून त्या दवाखान्यात पोचल्या. तिथं वीज होती. ऑक्सिजन लावला. तीच तरुण मुलगी होती. तिनं काही विचारलं नाही, पण प्रोवीच सांगत राहिली, "मी काही वापरलेलं नाही. वास घेऊन बघ माझा. काहीच नाही." आणि आपला हात तिच्या नाकाजवळ धरला.

"माहितीये, दोन्या," मुलगी म्हणाली. "धूळ आहे. आज नववं पोर आहे हे."

फोन प्रोवीनंच केला. लपवता आलं असतं. पोरीनं सांगितलं नसतं, मिग्दालियानं तर नाहीच. पण बरगड्यांमधला तो खड्डा तिनं दिवसभर पाहिला होता. "ऑक्सिजन लागला," ती म्हणाली.

ग्लोरिमार जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली, दोन दिवसांसाठी. मायलेकींत भांडण झालं नाही. भांडायला समोर कुणीतरी चुकलेलं लागतं. ग्लोरिमारनं घरभर फिरून पाहिलं, खिडक्यांवरचं प्लास्टिक पाहिलं, खिळ्याला टांगलेली कढई पाहिली आणि आईला मिठी मारली.

"तुझ्या अंगाला कसलाच वास येत नाही, मम्मी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मशीन मूळ खोक्यात भरून ग्लोरिमार आणि लियानिसबरोबर गेलं. तिकडं वीज जात नाही. गणवेश शिंप्याकडेच राहिला. विमानतळाच्या दारात लियानिसनं आजीला खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं, "मी बरी झाले की तू येणार?" प्रोवी हो म्हणाली.

चार दिवसांनी ग्लोरिमारचा फोन आला. प्रोवी बाल्कनीत बसली होती. खिडक्यांवरचं प्लास्टिक तिनं काढलं नव्हतं. भिंतीवरच्या बाटल्या मिग्दालियानं तशाच ठेवल्या होत्या, त्याही तिनं परत आणल्या नव्हत्या.

"मम्मी, बॅगेत तुझा गाऊन कुणी घातला?"

प्रोवीला आधी कळलंच नाही. मग मागून बारीक आवाज आला, "मी घातला! तो माझा आहे! दे तो!"

"बॅगेच्या अगदी तळाशी होता. आज पिशवीची गाठ सोडली आणि मशीन लाल झालं. इतकं लाल की बरोबरच्या बायका बघायला आल्या."

"धू," प्रोवी म्हणाली. "गरम पाण्यात. साबण बिनवासाचा घे."

"धुतला. दोनदा. मी लॉन्ड्रीत काम करते, मम्मी, मला का कळत नाही? रक्ताचे डाग काढते मी रोज. हा वास जात नाही. दिवा नारिंगीच्या खाली येतच नाही."

 दुसऱ्या कुठल्या दिवशी हे वाक्य प्रोवीनं अभिमानानं गल्लीभर सांगितलं असतं.

"मग टाक," ती म्हणाली.

"ती रडतेय."

"रडताना खोकतेय का?"

"नाही."

"मग रडू दे. टाक. घरातल्या डब्यात नको टाकू, बाहेरच्या मोठ्या डब्यात नेऊन टाक."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. पोरीचं रडणं मोठं झालं, मग दार लागलं आणि लहान झालं. प्रोवी कानाला फोन लावून बसून राहिली. समोर मिग्दालिया दोरीवर कपडे घालत होती. तिनं मानेनंच विचारलं, काय? प्रोवीनं हात हलवला, काही नाही.

"टाकला," ग्लोरिमार धापा टाकत परत आली.

"दिवा?"

"नारिंगी."

प्रोवीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता?"

"थांब, मम्मी. लगेच नाही होत."

मशीनचं घोंघावणं प्रोवीला ऐकू येत होतं. दोन महिने ती त्या आवाजाशेजारी झोपली होती. तिनं डोळे मिटले.

"झाला निळा," ग्लोरिमार म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं झालं," प्रोवी म्हणाली. मग तिनं विचारलं, आज पोर काय जेवली.